डाव्या हाताची फुलं

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हे पत्र पिशवीच्या तळाशी ठेवलंय, म्हणजे तू ते वाचतेयस त्या अर्थी पार्सल फोडून झालेलं आहे. जपून फोडलंस ना?

पिशवी कशी वाटली? खऱ्या गवताची आहे. आमच्या हस्तकला मंडळातल्या झाडून सगळ्या बायकांकडे अशी पिशवी आहे, आणि तिथेच घोडं अडलंय. सगळ्यांची तीच, तशीच, कोरी. मागच्या बैठकीनंतर मी चुकून अध्यक्षीणबाईंची पिशवी उचलून घरी आणली. त्यांचा चष्मा, त्यांची औषधं आणि सुनेबद्दल त्यांनी बहिणीला लिहिलेलं पत्र दोन दिवस माझ्याकडे होतं. (पत्र मी वाचलं नाही. सून फारच आगाऊ आहे.)

तर म्हटलं, आपल्या पिशवीला काहीतरी वेगळं करावं. क्रोशाची फुलं लावून दे. वेळ मिळेल तसं, सहज. पण दोन-चार गोष्टी लक्षात ठेव. फुलं मोजकी हवीत, पण लांबून दिसली पाहिजेत. साधी हवीत, पण लोकांनी थांबून विचारलं पाहिजे. लाल नको. तुझी आवड जरा भडक आहे हे तुलाही ठाऊक आहे. आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या बैठकीआधी पोचेल असं बघ. लाँड्रीत तू नुसतीच बसलेली असतेस, तेवढाच विरंगुळा होईल.

डाव्या हातानं का होईना, पण तुझं विणकाम बरं असतं. आई म्हणायची, हिचं सगळंच उलटं, पण वीण घट्ट. आईनं तुझं केलेलं कौतुक एवढंच, तेव्हा जपून ठेव.

फोन करू नकोस. आमचा फोन हॉलमध्ये आहे, आणि निवृत्त झाल्यापासून ह्यांना कान देण्यावाचून दुसरं काम नाही. पत्रच लिही.

तुझी नणंद


१८ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

पार्सल जपूनच फोडलं, दातांनी. तुम्ही सुतळीला मारलेल्या गाठी कात्रीला दाद देईनात. पिशवी बघून तुमच्या बंधुराजांना वाटलं, बहिणीनं कांदे पाठवले. त्यांनी आत हात घातला, पत्र निघालं, आणि त्यांचा चेहरा पडला.

तुमच्या सूचना मी एका कागदावर उतरवून समोर टांगल्या. मोजकी पण दिसणारी, साधी पण लोकांनी विचारावं अशी. दोन दिवस नुसती त्या कागदाकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी कागद काढून टाकला आणि कामाला लागले.

अकरा फुलं केली आहेत. प्रत्येकाला पाच पाकळ्या, एकीवर दुसरी किंचित चढलेली, म्हणजे सगळं फूल वाऱ्यानं एका अंगाला कलंडल्यासारखं दिसतं. रंग दुधी आणि फिका जांभळा. लाल एकच आहे. तुम्ही नको म्हणालात म्हणून एकच. तोंडाला जाळीची झालर लावली आणि एका बंदाला गोंडा. तुमच्या पिशवीचा एक बंद दुसऱ्यापेक्षा दोन बोटं लांब आहे. गोंड्यामुळे ते मुद्दाम केल्यासारखं वाटतं. सुकं गवत दाभणाखाली तडकतं, म्हणून पिशवी आधी एक दिवस ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. आता फुलं सुटायची नाहीत. पिशवी फाटेल, फुलं राहतील.

लाँड्रीत मी नुसती बसलेली असते हे अगदी खरं. बसून मी दिवसाला वीस पँटी आखूड करते, उभ्यानं जमत नाही. आता तेही फार दिवस नाही. मालक वाफेचं नवं यंत्र आणतायत, त्याला जागा हवी, म्हणून मेअखेर शिवणकामाचं टेबल उचलणार. मग मी घरी. तुमचे बंधुराजही घरी. दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांची तोंडं किती वेळ बघायची? तुमच्याकडे शिवणाची, विणण्याची कुठे जागा निघाली तर कळवा. हात रिकामे राहिले की मला आजारी पडल्यासारखं होतं. हे थट्टेनं लिहीत नाही.

सासूबाईंचं कौतुक जपून ठेवलंय. फारशी जागा लागली नाही.

तुमची वहिनी


१ मार्च

प्रिय वहिनी,

पिशवी पोचली. बरी झालीय. लाल फूल मला खटकलं होतं, पण अध्यक्षीणबाईंनी आल्या आल्या नेमका त्यालाच हात लावला, म्हणून राहू दिलं. बायकांनी बघितली. आवडली म्हणाल्या, बऱ्यापैकी. कुणी केली असं काही कुणी विचारलं नाही. म्हणजे तसा विषयच निघाला नाही.

आता एक सहज विचारते. हे फूल सुरू कुठून करतात, मधून की कडेनं? आणि ती जी पुढे वाकडी असते, सुईसारखी, तिला काय म्हणतात? आणि एका फुलाला किती वेळ लागतो असं कुणी विचारलं, म्हणजे समज, कुणी विचारलंच, तर काय सांगावं? आपलं उगाच कुतूहल.

आणखी एक. ‘ही कल्पना माझ्या मनात बरेच दिवस घोळत होती’ असं मी म्हटलं, तर ते काही खोटं नाही ना? कल्पना माझीच होती. तू फक्त ती केलीस.

तुझ्या कामाचं वाचून वाईट वाटलं. कान उघडे ठेवते, पण इथे तशा जागा निघत नाहीत.

घाईत आहे. कुणीतरी फोटो काढायला येणार आहे. मंडळाचा, मंडळाचा.

तुझी नणंद


१२ मार्च

वन्सं,

फूल मधून सुरू करतात. आधी पाच साखळ्यांचा गोल, मग एकेक पाकळी करत फिरत जायचं. पुढे वाकडी असते तिला सुईच म्हणतात, क्रोशाची सुई. एका फुलाला पाऊण तास लागतो. कुणी विचारलंच तर ‘सुचेल तसा वेळ लागतो’ असं सांगा, जास्त भारी वाटतं.

आता माझंही थोडं उगाच कुतूहल.

परवा तुमच्या बंधुराजांच्या नावानं तुमचं पाकीट आलं. चहा पिता पिता त्यांनी ते फोडलं, चष्मा लावला आणि मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मंडळाच्या पत्रिकेतलं कात्रण. ‘गवतावर फुलवली बाग!’ फोटोत तुम्ही, माझी अकरा फुलं, आणि फुलांवर अलगद ठेवलेला तुमचा हात. खाली तुमचे उद्गार: ‘सुचलं की मला तहानभूक राहत नाही.’ वन्सं, तुमची भूक मी पाहिलेली आहे. छापणाऱ्यानं नसेल पाहिली.

ती पिशवी दोन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर पडून होती. तुमचे बंधुराज तिला टेकून वर्तमानपत्र उभं करून वाचत होते. झालर अडते म्हणून दोनदा कुरकुरले. आणि आता फोटो बघून म्हणतात, ‘काय हात आहे पोरीचा! आमच्या घराण्यातच आहे हे.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तूही शिकून घे ना तिच्याकडून.’

शिकते. कधी येऊ?

आधी मला हसू आलं. कपबशा विसळताना मात्र इतका राग आला की एका कपाचा कान हातात आला. तुम्ही विचाराल, एवढं काय त्यात. म्हणून आधीच लिहिते: हो, मी रागावले आहे.

वहिनी


२० मार्च

प्रिय वहिनी,

दादाला मी स्वच्छ लिहिलं होतं, हे कुणाला दाखवू नकोस. ‘कुणाला’मध्ये तू येतेस हे त्याच्या लक्षात आलं नसेल.

मी खोटं बोललेले नाही. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, ‘अय्या, तुम्ही केलीत?’ मी हसले. बस्स. हसण्याचा अर्थ त्यांनी लावला. नंतर पत्रिकेवाली आली, तिला नुसत्या हसण्यावर भागवता येईना. पुढे मग एकातून एक निघत गेलं. आणि असं बघ, घरातलंच तर आहे सगळं. तुझं काय नि माझं काय!

पण आता वेगळंच झालंय. इथे हस्तकलेची शाळा आहे, तिथल्या मुख्य बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणतात. त्या गवती पिशव्यांवरच्या क्रोशाचा वर्ग काढतायत आणि शिकवायला त्यांना बाई हवी आहे. (इथे जागा निघत नाहीत असं मी लिहिलं होतं, तेव्हा निघाली नव्हती.) त्यांनी कात्रण वाचलं. १४ एप्रिलला मंडळात येणार, आणि मी सगळ्यांसमोर एक फूल करून दाखवायचं. नाही म्हणावं तर गेल्या महिन्याभरात जे बोलले त्याचं काय करू?

मी प्रयत्न केला गं. पुस्तक आणलं, आरशासमोर बसले. पाच दिवसांत साखळी जमली. ह्यांनी ती उचलली आणि बुटाला नाडी म्हणून ओवली. अजून टिकलीय म्हणतात.

तेव्हा तू एवढं कर. एक फूल अर्धवट करून पाठव. पहिल्या तीन पाकळ्या तुझ्या, शेवटच्या दोन मी सगळ्यांसमोर करीन. बोलत बोलत करीन. मी बोलायला लागले की हाताकडे कुणी बघत नाही.

आणि मला ती जागा मिळालीच, तर तुला मदतनीस म्हणून बोलावून घेईन. दोरे गुंडाळायला वगैरे. शब्द देते.

दादाशी फोनवर बोलले आहे. तो म्हणाला, ती नाही म्हणणार नाही.

तुझी नणंद


२ एप्रिल

वन्सं,

फूल सोबत आहे. तीन पाकळ्या झाल्यात, दोन राहिल्यात. सुई फासातच ठेवली आहे, काढू नका. एका पाकळीला तीन साखळ्या, पाच खांब, पुन्हा तीन साखळ्या आणि एक मुका टाका, म्हणजे वेढा न घेता नुसता ओढलेला. मग दुसरीला तेच. खांब म्हणजे सुईला एक वेढा घेऊन ओढलेला उंच टाका. पुस्तकात चित्र असेल.

तुमचे बंधुराज मला म्हणाले, ‘तिची अब्रू आता तुझ्या हातात आहे.’ एकतीस वर्षांत माझ्या हातात काही आहे हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं, म्हणून केलं.

एक लिहिते आणि थांबते. ती जागा मला हवी होती, वन्सं. मदतनीस म्हणून नाही. एक लांब टेबल, समोर दहा-बारा मुली, प्रत्येकीच्या हातात सुई, आणि मी सांगतेय नि त्या ऐकतायत, हे मी पँटी आखूड करता करता कितीदा तरी मनात बघितलंय. कुणाला सांगितलं नव्हतं. कोण विचारणार होतं? तुम्ही त्या दिवशी ‘माझ्या वहिनीनं केली’ एवढे तीन शब्द म्हणाला असतात, तर ते बोलावणं माझ्या नावानं आलं असतं. तुम्ही हसलात.

असो. दोरा सैल सोडू नका.

वहिनी


१६ एप्रिल

वहिनी,

तू माझा गळा कापलास.

हॉल खचाखच भरला होता. मागे उभ्या राहिलेल्या बायका. मी पिशवीतून फूल काढलं, सगळ्या ‘अहाहा’ म्हणाल्या. मी बोलायला लागले. ‘कला ही आतून यावी लागते’ इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं. मग मी सुई पुढे घातली. पुस्तकातल्या बाईसारखी डावीकडे निघाले, तर डावीकडे तुझी तिसरी पाकळी! आणि रिकामी जागा उजवीकडे! आता करू काय? थांबले असते तर बोलणंही संपलं असतं. म्हणून तिसऱ्या पाकळीवरच चौथी चढवली आणि चौथीवर पाचवी. शेवटी जे झालं ते कोबीच्या गड्ड्यासारखं दिसत होतं. पुढच्या रांगेतली एक तर चक्क पान सुटतंय म्हणाली.

मास्तरीणबाईंनी ते हातात घेतलं, फिरवून फिरवून बघितलं. मग पिशवीवरची अकराही फुलं बघितली, चष्मा काढून, चष्मा लावून. म्हणाल्या, ‘ही फुलं डावखुऱ्या बाईची आहेत. आपण विणतो त्याच्या उलट दिशेनं फिरलीत, पाकळ्यासुद्धा उलट्या अंगाला कललेल्या. तुम्ही डावखुऱ्या का?’

आता मी काय म्हणणार होते? म्हटलं, ‘हो. जन्मापासून.’

‘मग आत्ता उजव्या हातानं का केलंत?’

‘लोकलाजेस्तव,’ मी म्हटलं.

वहिनी, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं! तोंडावर रुमाल धरला त्यांनी. मग म्हणाल्या, ‘डावखुऱ्या मुलींना प्रत्येक वर्गात मागे बसवतात, कारण शिकवणारीला त्यांचा हात कळत नाही. ज्या हाताची ही फुलं आहेत, तोच हात मला माझ्या शाळेत हवाय.’ टाळ्या पडल्या. माझ्यासाठी!

पुढचं ऐक. अध्यक्षीणबाईंनी कॉफीचा कप माझ्या डाव्या हातात दिला. अर्धी कॉफी त्यांच्या मांडीवर गेली. हजेरीच्या वहीत डाव्या हातानं सही करावी लागली. चिटणीसबाईंनी विचारलं, हे कोंबडीचे पाय कुणाचे? आणि २ मेला शाळेत येऊन पूर्ण पिशवी करून दाखवायची म्हणे, डाव्या हातानं, मोकळेपणानं, कुणाला न लाजता.

दुसऱ्याच दिवशी मी डाव्या हाताला पट्टी बांधली. लचकला म्हणून सांगितलं. निदान उजव्या हातानं कप धरायची तरी सोय झाली. पण मास्तरीणबाईंनी निरोप पाठवला, ‘घाई नाही. खरा हात येईपर्यंत मी थांबते.’ इतकी चांगली बाई, आणि माझी ही गत! जन्मभर पट्टी बांधून फिरू का आता?

तू हे मुद्दाम केलंस. कबूल कर.

नणंद


३० एप्रिल

वन्सं, नमस्कार.

मुद्दाम नाही केलं. जगातल्या बाकीच्या बायका माझ्या उलट दिशेनं जातात हे मी विसरूनच गेले होते. मी एकटी विणते, शेजारी बसून विणणारं कधी कुणी नव्हतंच. फूल करताना माझ्या डोक्यात तुमचा हात नव्हता, फूलच होतं.

पण पाकिटाला डिंक लावताना लक्षात आलं. डिंक ओला होता, पाकीट उघडता आलं असतं, चार ओळी लिहिता आल्या असत्या. मी चिकटवलं. वरून दोनदा हात फिरवला. हे कबूल करते, आणि वाईट वाटलं असंही म्हणत नाही.

आता दुसरी कबुली. काल मी तुमच्या गावी येऊन गेले. तुमच्या बंधुराजांना सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडे जाते. ते म्हणाले, येताना पाव आण. सकाळची बस धरली. बसस्टँडवरून शाळेकडे जाणारा रस्ता तुमच्या घरावरून जातो. तुम्ही गॅलरीत चादर पिळत होतात, दोन्ही हातांनी, चांगला पीळ देऊन. हाताची पट्टी शेजारी दोरीवर वाळत होती. हाक मारणार होते, पण म्हटलं, दुखऱ्या हाताच्या माणसाला दचकवू नये.

शाळेत मास्तरीणबाईंच्या खोलीत गेले. बोलायला लागले तर रडेन असं वाटलं. म्हणून सरळ खुर्ची ओढली, सुई काढली आणि फूल सुरू केलं. त्या काहीतरी लिहीत होत्या, त्यांनी पेन खाली ठेवलं. दुसरी पाकळी चालू असताना त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, ‘पिशवी तुमची.’ विचारलं नाही, वन्सं, म्हणाल्या.

मी म्हटलं, ‘फुलं माझी. पिशवी नणंदेची.’

‘मग त्यांनी नेमकं काय केलं?’

‘पिशवी निवडली,’ मी म्हटलं. ‘एक बंद लांब आहे, पण निवड त्यांचीच.’

जागा मला मिळाली आहे. जूनच्या पहिल्या सोमवारपासून, आठवड्याचे चार दिवस. कागदावर माझं पूर्ण नाव टाइप केलेलं आहे. बसमध्ये मी ते तीन वेळा वाचलं, शेजारच्या बाईला वाटलं कोर्टाची नोटीस आहे. घरी येऊन तुमच्या बंधुराजांना दाखवलं. ते म्हणाले, ‘तिनंच शब्द टाकला असणार. मन मोठं आहे तिचं.’ पाव आणायला मी विसरले, त्यावर मात्र ते बराच वेळ बोलत होते.

चार दिवस राहायला मी तुमच्याकडे येणार. सख्खी नणंद गावात असताना दुसरीकडे राहिले तर तुम्हालाच लोक नावं ठेवतील. काळजी करू नका, मंडळातल्या कुणाला मी एक शब्द सांगणार नाही. मास्तरीणबाईंनाही म्हटलंय, नणंदेचं नणंद बघेल. मी आपली तुमच्या हॉलमध्ये विणत बसेन, डाव्या हातानं. तुमच्याकडे येणं-जाणं पुष्कळ आहे. येईल ती बघेल.

त्याआधी तुम्ही तुमच्या तोंडानं सांगितलंत तर मला बरं वाटेल. शब्दांत सांगा, हसून नको.

वहिनी


२१ मे

वहिनी,

सांगितलं.

लगेच नाही सांगितलं. तुझं पत्र आल्यावर दोन बैठका मी हात चोळत काढल्या. काल मात्र उठून उभी राहिले. सुरुवात ‘माझी वहिनी आणि मी मिळून’ अशी करायचं ठरवलं होतं. ‘मिळून’वर अडले. मग सगळंच बाहेर पडलं. पिशवी मी विकत घेतली, फुलं तिची, हात तिचा, मी फक्त हसले. आणि खाली बसले. वाटलं, आता माझी छी-थू होणार.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, ‘झालं? मग ती पट्टी सोडा आता, हाताला वारा लागू दे.’

वहिनी, त्यांना माहीत होतं! पहिल्या दिवसापासून! सगळ्या जणींना! मास्तरीणबाई फाटकाबाहेर पडायच्या आत त्यांचं ठरलं होतं, ही स्वतः बोलेपर्यंत आपण कुणी बोलायचं नाही. म्हणून महिनाभर रोज कुणीतरी हाताची चौकशी करायला यायचं. चोळायला तेल आणून द्यायच्या. चिटणीसबाई प्रत्येक बैठकीला माझी पट्टी सोडून पुन्हा बांधून द्यायच्या, आणि किती घट्ट! एकदा मी गडबडीत ती उजव्या हाताला बांधून गेले होते. कुणी डोळ्याची पापणी हलवली नाही. आणि मास्तरीणबाईंच्या डोळ्यांतलं ते पाणी? हसू दाबून दाबून आलेलं होतं म्हणे. रुमाल त्यासाठी.

काल मग सगळ्या पोटभर हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार? घरी आल्यावर मात्र रडले. ह्यांनी विचारलं काय झालं, तेव्हा त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, मला नाडीवरूनच कळलं होतं.

माझा पाणउतारा झाला, त्याची लाज मी पचवीन. दुसरी एक लाज आहे, ती पचत नाही. ज्या बाईनं तुला कधी पाहिलंही नव्हतं, तिनं एका फुलावरून तुझा हात ओळखला. आणि तू लग्न होऊन आमच्याकडे आलीस तेव्हापासून मी तो हात बघतेय. उलटा आहे, एवढंच बघितलं. आईचं ते वाक्यसुद्धा मी तुला कौतुक म्हणून लिहून पाठवलं. लिहिताना मला ते खरंच कौतुक वाटत होतं, वहिनी.

हॉलमध्ये बसून विणायचं नाही. मागची खोली रिकामी केली आहे. ह्यांचं लिहायचं टेबल तिथे नेलं आणि त्यांनी सांगितलं तसं खिडकी डाव्या हाताला येईल असं लावलं. सगळी टेबलं अशीच लावतात म्हणे. मग मी खुर्चीवर बसून बघितलं. तुझी सुई कशी धरायची ते माहीत नव्हतं, म्हणून डाव्या हातात पेन धरलं, तर हाताची सावली बरोब्बर कामावर पडत होती. उठले आणि टेबल ओढून उलटं फिरवलं. आता खिडकी उजव्या हाताला येते.

तुला उजेड उजवीकडूनच लागतो ना? इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नाही. चुकलं असेल तर लिही, तू यायच्या सोमवारच्या आत मी टेबल पुन्हा फिरवीन.

तुझी नणंद